पाटी आली की एंटर

दुसऱ्याच्या कामाला नावं ठेवण्याचा मला पगार मिळतो. कागदोपत्री त्याला टेस्टिंग म्हणतात. माझ्या सासूबाईंनी हेच काम चाळीस वर्षं बिनपगारी केलं, त्यामुळे त्यांना माझ्या नोकरीचं कौतुक कधी वाटलं नाही. ते जाऊ दे. मला सांगायचंय ते नक्कीरावांबद्दल, आणि मी नाही सांगितलं तर दुसरं कुणी सांगणार नाही.

नक्कीराव आमच्या कंपनीत खिडक्या करायचे. सुताराच्या नव्हेत. तुम्ही कॉम्प्युटरवर आपलं काही करत बसलेले असता, आणि मध्येच एक छोटी चौकोनी खिडकी उगवते, 'नोंद जतन करायची का?' म्हणून विचारते, खाली 'हो' आणि 'नाही' अशी दोन बटणं असतात, त्या खिडक्या. तुम्हाला वाटत असेल त्या आपोआप उगवतात. कुणीतरी बसून केलेल्या असतात हो त्या. बटणांमधलं अंतर कुणीतरी मोजलेलं असतं, आणि 'जतन करायची का' लिहावं की 'जतन करू का' यावर कुणीतरी दोन दिवस खर्ची घातलेले असतात. आमच्याकडे हा कुणीतरी म्हणजे नक्कीराव, तेही सलग बावीस वर्षं.

आमची कंपनी म्हणजे चष्म्याच्या दुकानावर तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या आणि अकरा माणसं. आम्ही दवाखान्यांसाठी प्रोग्रॅम करतो. पेशंटचं नाव, वय, काय होतंय, काय दिलं, पुन्हा कधी यायचं, एवढंच. त्यात जगाला हादरवून सोडेल असं काही नाही. पण आमच्या आताच्या मालकांनी, म्हणजे जावईबापूंनी, दारावर जी पाटी लावली आहे तिच्यात 'भविष्य' हा शब्द दोनदा येतो.

नक्कीराव हे नाव कुणी ठेवलं ते आता आठवत नाही. मीच ठेवलं असणार. त्यांची प्रत्येक खिडकी 'नक्की'पासून सुरू व्हायची. नक्की पुढे जायचं? नक्की बंद करायचं? एकदा तर त्यांनी 'रद्द केलेलं नक्की रद्द करायचं का?' अशी खिडकी केली आणि खाली बटणं दिली 'हो' आणि 'रद्द'. मी अर्धा तास त्या खिडकीसमोर बसून राहिले. शेवटी मशीनची वायर काढली आणि त्यांना म्हटलं, हे आता तुम्हीच निस्तरा. त्यांना राग आला नाही. त्यांनी वहीत लिहून घेतलं. माझं प्रत्येक बोलणं ते वहीत लिहून घ्यायचे, टोमणेसुद्धा, आणि त्यांतून कामाचं तेवढं वेचायचे.

माणूस घरीही तसाच. वहिनी सांगतात, लग्नाच्या कागदावर सही करायच्या वेळी पेन त्यांच्या हातात देऊन यांनी हळूच विचारलं, नक्की ना? पुढ्यात अधिकारी, मागे वहिनींचे वडील. वहिनी म्हणतात, मी त्याआधी जरा घाबरलेच होते, पण असं विचारणारा माणूस आपल्याला दगा देणार नाही असं वाटलं आणि सही केली. मग रोज संध्याकाळी वहिनी भाजी चिरत असताना हे समोर बसून दिवसभरातल्या खिडक्यांचा मजकूर वाचून दाखवायचे. वहिनींना कळलं तर जगाला कळेल, असा त्यांचा हिशेब. वहिनी 'हं' म्हणायच्या. 'हं' आलं की मजकूर पक्का.

त्यांचा एक नियम होता, आणि तो मला मनापासून आवडायचा. खिडकीतल्या दोन बटणांपैकी एकाची कड आधीच ठळक असते. तुम्ही माऊसला हात न लावता नुसतं एंटर मारलंत की ते ठळक कडेचं बटण दाबलं जातं. नक्कीराव म्हणायचे, धोक्याचा प्रश्न असेल तर ठळक कड 'नाही'वरच पाहिजे. चुकून हात लागला तर काही बिघडायला नको. दुसऱ्याला सुरी देताना आपण मूठ त्याच्याकडे करतो ना, तसं.

आता एवढा काळजीवाहू माणूस म्हटल्यावर खिडक्या वाढणारच. एका दवाखान्यात एकाच पेशंटची नोंद दोनदा झाली. लगेच खिडकी, 'हे नाव आधी आहे, नक्की नवीन करायचं?' कुणीतरी वय तीनशे टाकलं. खिडकी. कुणी मोबाईल नंबर विसरलं. खिडकी. असं करत करत एका पेशंटची साधी नोंद करायची तर अकरा खिडक्या येऊ लागल्या. आणि कुणी काही म्हणायचं तर नक्कीराव शांतपणे म्हणत, विचारण्यात काय जातंय? अति तिथे माती ही म्हण अख्ख्या ऑफिसात कुणाला आठवली नाही. नावं ठेवायचा पगार घेणारीलाही नाही.

मग जावईबापू आले. हे आमच्या मूळ मालकांचे जावई. मालक थकले, घरी बसले, आणि लेकीबरोबर कंपनीही देऊन टाकली. जावईबापूंना कॉम्प्युटर चालू करता येतो आणि बंदही करता येतो, बंद मात्र बटण दाबून धरून. पण बोलणं असं की ऐकणाऱ्याला आपणच अडाणी वाटावं. पहिल्याच महिन्यात त्यांनी शोध लावला की प्रोग्रॅम मंद चालतो, कारण दवाखान्यांमध्ये जुन्या नोंदी फार साचल्या आहेत. उपाय असा की नव्या आवृत्तीत पाच वर्षांपूर्वीचं सगळं काढून टाकायचं.

नक्कीराव म्हणाले, काढून टाकण्यापेक्षा वेगळ्या फाईलमध्ये ठेवू, पंधरा दिवस द्या. जावईबापूंनी चार दिवस दिले. विचारून काढायचं, म्हणाले, आणि विचारायला तुम्ही आहातच की.

चार दिवसांत नक्कीरावांनी जे केलं, ते त्यांच्या धंद्यातला कुणीही करतो. नवी खिडकी शून्यातून कुणी बनवत नाही. जुनी एखादी घ्यायची, तिची नक्कल करायची आणि मजकूर बदलायचा. त्यांनी 'नोंद जतन करायची का?' ही खिडकी घेतली. तिथे 'पाच वर्षांपूर्वीच्या सर्व नोंदी नक्की काढून टाकायच्या का?' असं लिहिलं. जतन करण्याच्या खिडकीत ठळक कड 'हो'वर होती, आणि ती असायलाच हवी होती. नक्कल केल्यावर ती 'नाही'वर न्यायची राहिली. बावीस वर्षं ज्या नियमावर हा माणूस जगला, तो नियम त्या एका खिडकीत त्याच्याच हातून सुटला.

आणि मी? मी ती तपासली. आमच्याकडे सरावासाठी एक खोटा दवाखाना आहे, त्यात अबक नावाचा एकच पेशंट, त्याला अकरा वर्षं खोकला. खिडकी आली. मी एंटर मारलं. अबकचा अकरा वर्षांचा खोकला गेला. माझ्या तक्त्यावर दोनच प्रश्न होते, खिडकी येते का आणि बटण चालतं का. दोन्हीवर टिक केली, तारीख घातली, खाली सही केली आणि डबा खायला गेले. खिडकीवर काय लिहिलंय ते मी वाचलं नाही, आणि ठळक कड कुठे आहे तेही पाहिलं नाही. माझ्याच बोटाने मला दाखवून दिलं होतं की नुसत्या एंटरवर सगळं जातंय. पण बोटाचं कोण ऐकतो?

नवी आवृत्ती सोमवारी एका सरकारी दवाखान्यात गेली. बुधवारी तिथल्या मोठ्या डॉक्टरीणबाईंनी एका म्हाताऱ्या पेशंटची जुनी माहिती उघडली, तर कोरी. दुसऱ्याची उघडली, तीही कोरी. कुणाला कोणतं औषध चालत नाही, कुणाचं कधी ऑपरेशन झालं, पाच वर्षांपलीकडचं सगळं साफ. रोज संध्याकाळी सगळ्याची एक जादा प्रत आपोआप निघायची व्यवस्था होती. ती सोमवारीही इमानेइतबारे निघाली, रिकाम्या नोंदींची, आणि आदल्या दिवशीच्या भरलेल्या प्रतीवर जाऊन बसली.

आता कुणाच्या तरी गळ्यात हे बांधायला हवं. आमचा प्रोग्रॅम लॉग नावाची रोजनिशी ठेवतो, कुणी कधी काय केलं त्याची. जावईबापूंनी आयुष्यात पहिल्यांदा लॉग उघडला आणि त्यांना हवी ती ओळ मिळाली. 'वापरकर्त्याने हो निवडलं.' लगेच फोन केला. आम्ही स्पष्ट विचारलं होतं मॅडम, तुमच्या बाईंनी हो म्हटलं, आमच्याकडे पुरावा आहे.

त्या बाई म्हणजे दवाखान्याच्या कारकूनबाई. नऊ वर्षं तात्पुरत्या म्हणून काम करत होत्या, आणि पुढच्या महिन्यात कायम होणार होत्या. घरात मिळवत्या त्या एकट्याच. त्यांना मेमो मिळाला की शनिवारपर्यंत खुलासा करा, नाहीतर सोमवारपासून येऊ नका. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच, फक्त यातला एक चोर मी होते आणि आपल्या खुर्चीत बसून बिस्किटं खात होते.

जावईबापूंनी नक्कीरावांपुढे एक टाईप केलेलं पत्र ठेवलं. खिडकीतला प्रश्न स्पष्ट होता, वापरणाऱ्याने वाचून होकार दिला, चूक वापरणाऱ्याची. खाली सहीसाठी जागा. हे पत्र गेलं की कारकूनबाई घरी आणि कंपनी मोकळी. नक्कीरावांनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाले, एकदा लॉग बघतो, मग सही करतो.

ते लॉग बघायला बसले तेव्हा मी शेजारीच होते. लॉगमध्ये दोन ओळी असतात, खिडकी दाखवली त्याची एक आणि उत्तर आलं त्याची एक. खिडकी दाखवली, अकरा वाजून बेचाळीस मिनिटं सात सेकंद. उत्तर हो, अकरा वाजून बेचाळीस मिनिटं सात सेकंद. नक्कीरावांनी बोट ठेवलं. मला दाखवलं. सेकंद एकच होता.

एका सेकंदात कुणी वाचत नाही. मग ते वर सरकले. आदली खिडकी, तिथेही दोन्ही सेकंद एकच. तिच्या आदली, तिथेही एकच. ते मागे मागे जात राहिले. दुसऱ्या दवाखान्याचा लॉग उघडला, तिसऱ्याचा उघडला. दुपार गेली. सगळीकडे तेच. सहा वर्षांचे लॉग आमच्याकडे होते आणि सहा वर्षांत त्यांची एकही खिडकी कुणी वाचलेली दिसत नव्हती. शेवटी त्यांना एक जागा सापडली जिथे उत्तराला चार मिनिटं लागली होती. त्यांचा चेहरा जरा उजळला. मी तारीख बघितली. त्या दिवशी तिथले लाईट गेले होते, आम्हाला फोन आला होता. पण मी काही बोलले नाही. इतकं वाईट मला त्यांच्याबद्दल कधीच वाटलं नव्हतं.

त्या संध्याकाळचं वहिनींनी मला नंतर सांगितलं. घरी गेल्यावर नक्कीरावांनी खिडकी वाचून दाखवली नाही. नुसतं विचारलं, एवढी वर्षं मी वाचून दाखवतो, तू ऐकतेस ना? वहिनी खोटं बोलणाऱ्यांतल्या नाहीत. म्हणाल्या, तुम्ही बोलायला लागलात की मी हं म्हणते, तुमचा आवाज घरात असला की बरं वाटतं. हे ऐकून नक्कीराव वाटाणे सोलायला बसले.

शनिवारी सकाळी आम्ही तिघे दवाखान्यात गेलो. जावईबापू, कारण मोठ्यांशी बोलायचं होतं. नक्कीराव, कारण पत्रावर सही त्यांची हवी होती. मी, कारण डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की तपासणाऱ्यांनाही घेऊन या. तपासणीच्या तक्त्यावर माझी सही आणि तारीख होती, आणि ती तारीख खिडकी तयार झाल्यानंतरची होती.

अकराला भेट ठरली होती. नक्कीराव म्हणाले, तासभर आधी जाऊ, मला ताईंना काम करताना बघायचंय. जावईबापू बाहेर गाडीत फोनवर बोलत बसले. आम्ही आत गेलो. लांब व्हरांडा, बाकांवर माणसं, आणि टोकाला काचेत अर्धगोल भोक पाडलेली कारकूनबाईंची खोली. त्यांनी आम्हाला बघितलं आणि त्यांचा चेहरा पडला. त्यांना वाटलं, पुरावा गोळा करायला आले. नक्कीरावांनी मागे एक स्टूल ओढलं आणि म्हणाले, ताई, तुम्ही काम करा, आम्ही नाही असं समजा. असं समजणं किती सोपं असतं ते मी तुम्हाला सांगायला नको.

पण रांग कुणासाठी थांबत नाही. त्यांनी पहिली चिठ्ठी घेतली. डाव्या हातात चिठ्ठी, नजर काचेपलीकडच्या माणसावर, आजोबा, मागच्या वेळी पाय सुजला होता तो उतरला का, हा प्रश्न तोंडात, आणि उजवा हात आपला आपला चाललेला. टाईप, एंटर, टाईप, एंटर एंटर, टाईप, एंटर. खिडक्या उगवत होत्या आणि मावळत होत्या. डोळ्याचं पातं लवायच्या आत जात होत्या. त्या की-बोर्डवरच्या सगळ्या बटणांची अक्षरं शाबूत होती, फक्त एंटरचं बटण घासून गुळगुळीत झालं होतं.

दहा-बारा पेशंट झाल्यावर नक्कीरावांनी विचारलं, ताई, या मध्ये मध्ये खिडक्या येतात, त्यांत काय लिहिलेलं असतं?

"त्या पाट्या होय?" बाई म्हणाल्या. "त्या येतात. पाटी आली की एंटर मारायचं, मग जाते. तुमचे ते बसवायला आले होते ना, त्यांनीच शिकवलं पहिल्या दिवशी."

"पण वाचत नाही तुम्ही?"

"सुरुवातीला वाचायचे. सारखं आपलं नक्की का, नक्की का." मग त्यांना आठवलं आपण कुणाशी बोलतोय ते, आणि त्या घाबरून म्हणाल्या, "चुकलं असेल माझं, साहेब. पण पेशंटकडे बघू की पाट्यांकडे बघू?"

नक्कीरावांनी वही काढली होती. काही लिहिलं नाही. वही परत पिशवीत टाकली.

अकरा वाजता आम्ही डॉक्टरीणबाईंच्या खोलीत बसलो. टेबलापलीकडे त्या. टेबलाच्या कडेला उभ्या कारकूनबाई, कारण बसा असं त्यांना कुणी म्हटलं नव्हतं. जावईबापूंनी सुरुवात केली. जबाबदारी, पारदर्शकता, वापरणाऱ्याचं भान, सगळं आलं. मग लॉगचा कागद त्यांनी टेबलावर सरकवला, ती ओळ पिवळ्या रंगाने रंगवलेली. आणि नक्कीरावांकडे बघून म्हणाले, आमचे सगळ्यात अनुभवी गृहस्थ स्वतः सही करून देतायत.

डॉक्टरीणबाई नक्कीरावांकडे वळल्या. "तुम्ही यांना स्पष्ट विचारलं होतं?"

"नाही," नक्कीराव म्हणाले. "ताईंना काही विचारलंच गेलं नाही."

जावईबापू हसले, ते ठेवणीतलं हसतात तसं. नक्कीरावांनी पिवळी ओळ सोडून तिच्या वरची ओळ दाखवली, दोन्ही सेकंद दाखवले. आवाज नेहमीसारखाच, हळू. म्हणाले, आम्ही यांना एका पेशंटमागे अकरा वेळा नक्की का म्हणून विचारतो. दिवसाला साठ पेशंट, म्हणजे सहाशे साठ वेळा. मला कुणी असं विचारलं तर मीही न ऐकता हो हो म्हणेन. आणि सवय लागल्यावर एक दिवस मी त्यातच विचारलं, घर पेटवू का? तेही 'हो'चं बटण पुढे करून. पुढे करायला नको होतं, ते माझ्या हातून राहिलं. चूक ताईंची नाही, माझी आहे. मी तसं लिहून देतो.

कारकूनबाईंनी टेबलाची कड धरली होती. जावईबापूंचं हसू अजून तोंडावरच होतं, ते काढायला विसरले होते.

डॉक्टरीणबाई हुशार होत्या. त्या म्हणाल्या, एक माणूस चुकतो हे मला कळतं. पण तुमच्याकडे तपासायला माणूस असतो ना? मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तुम्ही तपासलं होतं हे? वाचलं होतं?"

मी तोंड उघडलं.

"यांनी तपासलं तेव्हा ती खिडकी नव्हती," नक्कीराव म्हणाले. "मी नंतर घातली. यांना न सांगता."

आमच्या कंपनीत दोन गोष्टींना माफी नाही. एक म्हणजे जावईबापूंच्या खुर्चीत बसणं, आणि दुसरी म्हणजे तपासून झालेल्या प्रोग्रॅममध्ये मागाहून काही घालणं. बावीस वर्षांत नक्कीरावांनी एक स्वल्पविरामसुद्धा मागाहून घातला नव्हता. जावईबापूंना आमचे तक्ते आणि तारखा कधी वाचायच्याच नसतात, त्यामुळे त्यांना ते खरं वाटलं. त्यांना बरंही वाटलं असावं, कारण आता कुणाला काढायचं ते ठरलं होतं.

डॉक्टरीणबाईंनी मेमोची प्रत उचलली, फाडली नाही, नाटक केलं नाही. तिच्यावर आडवं काहीतरी लिहिलं, सही केली आणि फाईलमध्ये घातली. बाई, तुमचं काही नाही, कायमचा कागद ठरल्या तारखेला निघेल, म्हणाल्या. कारकूनबाईंनी टेबलाची कड सोडली. "मग मी जाऊ?" त्यांनी विचारलं. "बाहेर रांग लागलीय." आणि त्या गेल्या. आम्ही बाहेर पडलो तेव्हा व्हरांड्यात त्यांचा आवाज ऐकू येत होता, त्या एका आजींना विचारत होत्या, कोणतं औषध तुम्हाला चालत नाही ते आठवून सांगा, पुन्हा लिहून घ्यायचंय. काचेवर मोठ्या अक्षरांत कागद लावला होता की जुन्या पेशंटांनी घरातल्या जुन्या चिठ्ठ्या घेऊन याव्यात. त्या नोंदी पुऱ्या व्हायला त्यांना पुढे दीड वर्ष लागलं.

नक्कीरावांना कंपनीने महिनाअखेरीस मोकळं केलं. निवृत्तीला दोन वर्षं बाकी होती. मोकळं केलं हा जावईबापूंचा शब्द, जणू कुणी दावणीला बांधलं होतं. निरोपाला केक आणला. जावईबापूंनी भाषण केलं आणि त्यात नक्कीरावांना आमचा आधारस्तंभ म्हणाले. आधारस्तंभ काढल्यावर वरचं काय होतं हा प्रश्न कुणी विचारला नाही, सगळे केक खात होते. मीही खाल्ला.

संध्याकाळी ते ड्रॉवर रिकामा करत होते. वह्याच वह्या. मी दार लोटलं आणि विचारलं, तुम्ही खोटं का बोललात? ते वह्या पिशवीत भरत राहिले. मी म्हटलं, मला काढलं असतं तर दुसरीकडे मिळाली असती नोकरी, तुम्हाला या वयात कोण देणार आहे? तुम्ही माझ्यासाठी एवढं करायची काय गरज होती?

तेव्हा त्यांनी वर बघितलं. चेहऱ्यावर राग नव्हता, उपकाराचा आवही नव्हता. "त्यांनी विचारलं असतं तर तुम्ही काय सांगितलं असतं, मला ठाऊक नव्हतं," ते म्हणाले. "म्हणून मी विचारू दिलं नाही."

पिशवी जड होती. मी एक बंद धरला, तीन मजले उतरून त्यांना रिक्षात बसवलं आणि हात हलवला.

घरी मी सांगते की नक्कीरावांनी माझी नोकरी वाचवली. नवरा म्हणतो, देवमाणूस. सासूबाईसुद्धा म्हणाल्या, अशी माणसं राहिली नाहीत. मी हं म्हणते. पण त्या खोलीत मी तोंड उघडलं होतं ते कशासाठी, हे मला चांगलं ठाऊक आहे. आदल्या रात्रीपासून वाक्य घोकून ठेवलं होतं मी. 'हो, मी वाचलं होतं. मजकूर अगदी स्पष्ट होता.' तपासणारी स्पष्ट म्हणाली की सेकंद-बिकंद सगळं बाजूला पडलं असतं, आणि सोमवारपासून काचेमागे दुसरीच कुणी बाई बसली असती. त्यांनी मला वाचवलं नाही. त्यांनी तिला माझ्यापासून वाचवलं, आणि ते त्यांना ठाऊक होतं.